ठाण्याची खाडी कुणी बंद केली?

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला उतरले की कोपरी लागते. पश्चिमेला रेल्वेचे रूळ, दक्षिणेला पूर्व द्रुतगती मार्ग आणि पूर्वेला तिवरांआड दडलेली खाडी, अशा बेचक्यात ही वस्ती वाढली. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे इथे स्थिरावली. त्यांच्या कितीतरी पिढ्या आधीपासून चेंदणीचे कोळी इथल्या पाण्यावर जगत होते. रिक्षावाल्याला ‘मीठबंदर रोड’ म्हटले की तो बरोबर नेऊन सोडतो, पण त्या रस्त्याच्या टोकाला एके काळी खरोखरच बंदर होते याची आठवण फार थोड्यांना असते. हे बंदर गेले कुठे, असे विचारले की ठरलेले उत्तर मिळते: खाडी गाळाने भरली, जहाजे मोठी झाली, काळ बदलला. या उत्तरात तथ्य आहे, पण ते अपुरे आहे. ठाणे, भिवंडी आणि कल्याणच्या बंदरांचा दोन हजार वर्षांचा इतिहास नीट लावून पाहिला तर ही बंदरे प्रत्येक वेळी आधी माणसांच्या निर्णयाने बंद पडलेली दिसतात, आणि गाळ मागाहून आलेला दिसतो. हा वाद केवळ इतिहासाचा राहिलेला नाही. जुन्या ठाणे जिल्ह्याच्याच उत्तर किनाऱ्यावर, वाढवणला, देशातले सर्वांत मोठे म्हणून योजलेले बंदर उभे राहू घातले आहे आणि खाडीत नव्या जेट्ट्या बांधण्याचे बेत मंजूर झाले आहेत. मागच्या वेळी खाडी का बंद झाली याचे उत्तर चुकले, तर पुढचा खर्चही चुकीच्या जागी होईल.

आधी पाण्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणायला हवा. उल्हास नदी कल्याणपाशी येते तेव्हा तिच्यात भरती-ओहोटी चढू-उतरू लागलेली असते. तिथून ती डोंबिवली, भिवंडीच्या काठाने ठाण्याच्या उत्तरेला वळसा घालते आणि घोडबंदरवरून वसईला समुद्राला मिळते. ठाण्याजवळ एक अरुंद फाटा दक्षिणेला सुटतो, कळवा-कोपरीवरून रुंदावत जाऊन मुंबईच्या बंदरात उतरतो. साष्टी हे बेट झाले ते या दोन पाण्यांमुळे. म्हणजे कल्याणच्या गलबताला समुद्र गाठायला दोनच दारे होती, एक वसईचे आणि एक मुंबईचे. पाठीशी मात्र सह्याद्रीचे घाट होते. नाणेघाटाने जुन्नर, थळ घाटाने नाशिक, बोरघाटाने पुणे. देशावरचा माल खाली उतरून पाण्याला लागायचा तो नेमका या टापूत. वाऱ्या-वादळापासून सुरक्षित, आत खोल शिरलेले पाणी आणि मागे घाटवाटा हे या बंदरांचे बळ होते. पण समुद्राची दोन्ही दारे दुसऱ्याच्या हाती जाऊ शकत होती, आणि ती पुन्हा पुन्हा गेली.

पहिला पुरावा इसवी सनाच्या पहिल्या शतकातला आहे. तांबड्या समुद्रातून भारताकडे येणाऱ्या कुणा ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत कल्याणचा उल्लेख येतो. तो सांगतो की पूर्वीच्या एका राजाच्या काळात कल्याण ही रीतसर बाजारपेठ होती. पुढे सत्ता बदलली आणि तिथला व्यापार अडवला गेला, इतका की एखादे ग्रीक जहाज चुकून तिथे लागलेच तर पहाऱ्यात भडोचला नेले जाण्याची धास्ती असे. सातवाहन आणि पश्चिम क्षत्रप यांच्यातल्या झगड्याची ही सावली आहे, असे अभ्यासक मानतात. यात गाळाचा शब्दही नाही. पाणी होते तसेच होते, धक्का होता तिथेच होता, फक्त प्रतिस्पर्ध्याला आपले भडोच चालवायचे होते. आणि पुढे काय झाले? सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षत्रप नहपानाचा पाडाव केला. जोगळटेंभीला सापडलेल्या हजारो नाण्यांवर त्याने पुन्हा मारलेला आपला ठसा त्याची साक्ष देतो. त्यानंतरच्या कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत कल्याणचे व्यापारी आणि गृहस्थ दानकर्ते म्हणून ओळीने भेटतात. सहाव्या शतकात कॉस्मस हा प्रवासी भारताच्या मोठ्या बंदरांत कल्याणची गणना करतो आणि तिथून तांबे, लाकूड, कापड बाहेर जाते असे नोंदवतो. बंद पडलेले बंदर एक मूठभर गाळ न उपसता पुन्हा चालू झाले होते. घाटमाथा आणि धक्का एका सत्तेखाली आले, एवढेच घडले होते.

शिलाहारांच्या काळात मान ठाण्याकडे गेला. श्रीस्थानक ही त्यांची राजधानी. तेराव्या शतकाच्या अखेरीस मार्को पोलोने ठाण्याचे कातडे आणि सुती कापड नावाजले, आणि त्याच दमात इथला राजा चाचेलोकांशी संधान बांधून जहाजांवरचे घोडे मिळवतो अशी तक्रारही लिहून ठेवली. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला आणि वसईचे दार त्यांच्या हाती गेले. ठाणेही त्यांचेच, मुंबईही त्यांचीच. कल्याण-भिवंडीचे पाणी त्यामुळे दोन्हीकडून कोंडले गेले. ही कोंडी किती पक्की होती ते शिवाजी महाराजांच्या वेळी दिसले. 1657 च्या ऑक्टोबरात महाराजांनी कल्याण आणि भिवंडी घेतली आणि लगोलग तिथे लढाऊ गलबते बांधायला घेतली. मराठी आरमाराचा हा आरंभ. पोर्तुगीज कागदपत्रांत या कामावरच्या रुई लैतांव व्हिएगश या कारागिराचे नाव येते, आणि त्याला फोडून परत आणण्याच्या खटपटीही दिसतात. 1659 मध्ये गोव्याहून पोर्तुगालच्या राजाला गेलेले पत्र तर फारच बोलके आहे. शहाजीच्या मुलाने वसईच्या आसपासचा मुलूख जिंकला आहे, भिवंडी, कल्याण आणि पनवेल इथे आरमार उभे केले आहे, आणि ते समुद्रात उतरू देऊ नये असा हुकूम आम्ही कप्तानाला दिला आहे, असा त्याचा मथितार्थ. उत्तम सागवान, कसबी सुतार, निर्धारी राजा आणि बारमाही भरतीचे पाणी हे सगळे जागेवर होते. नव्हती ती खाडीच्या तोंडावरची सत्ता. पुढच्या वर्षांत मराठी आरमाराचा भार सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कुलाबा अशा उघड्या समुद्रावरच्या ठिकाणांकडे सरकला, त्याचे एक मोठे कारण हेच असावे असे मला वाटते.

ही कोंडी फुटली ती 1737 ते 1739 या वर्षांत. मराठ्यांनी ठाणे घेतले तेव्हा पोर्तुगीजांचे तिथल्या किल्ल्याचे बांधकामही पुरे झालेले नव्हते. आज मध्यवर्ती कारागृह आहे तो हा किल्ला. दोन वर्षांनी चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि घाट, धक्के आणि वसईचे तोंड ही तिन्ही एका छत्राखाली आली. उरले मुंबईचे दार, आणि तिथे इंग्रज बसलेले होते. त्यांना हे शेजारी परवडणारे नव्हते. 1774 च्या डिसेंबरात त्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि 1782 च्या सालबाईच्या तहात साष्टी कायमची पदरात पाडून घेतली. कल्याणचे बंदर आणि ठाण्याची खाडी यांच्यामध्ये पुन्हा सरहद्द आली. 1817-18 मध्ये सगळे उत्तर कोकण इंग्रजांकडे गेले तेव्हा ती पुसली गेली खरी, पण तोवर निर्णय घेणारी जागा बदलली होती. आता सगळा हिशेब मुंबई बेटाच्या सोयीने होणार होता.

तरीही खाडी लगेच निजली नाही. कोपरीचे मीठबंदर हा त्याचा पुरावा आहे. ठाण्याभोवतीच्या खाजणांत मिठागरांची रांग होती आणि त्यावर आगरी समाजाच्या पिढ्या राबल्या. दिवाळी उलटली की बांधबंदिस्ती व्हायची, उधाणाचे पाणी उघाडीतून पहिल्या कोंडीत घ्यायचे, उन्हाने ते दाट होईल तसे पुढच्या वाफ्यांत सोडायचे आणि तळ पायाने तुडवून घट्ट करायचा, म्हणजे चिखल मिठात मिसळत नाही. उन्हाळा चढला की पृष्ठभागावर खडे धरू लागत. लाकडी फावड्याने ते काठाला ओढायचे, ढीग घालायचे आणि पहिल्या पावसाआधी हलवायचे. हलवायचे कसे, तर डोक्यावर पाट्या घेऊन बाया-माणसे धक्क्यावर येत. मचवा ओहोटीला चिखलात टेकलेला असे तेव्हा भरायचा आणि भरती आली की तो आपोआप उचलला जाऊन ओहोटीच्या ओढीने मुंबईकडे निघे. इंग्रजी अमलात यात वजन आणि करवसुली करणाऱ्या मीठ खात्याच्या कारकुनाची भर पडली. मुंबईपासून मुलुंडपर्यंत ‘मिठागराच्या जमिनी’ म्हणून आज वाद गाजतात त्यांचे मूळ या खात्याच्या दप्तरात आहे. या व्यापाराला खोल पाणी लागत नव्हते. चिखलात बसणारी होडी आणि दिवसातून दोनदा येणारी भरती पुरे होती. ‘गाळ होता म्हणून बंदर संपले’ म्हणणाऱ्यांनी मीठबंदर गाळावरच उभे होते हे लक्षात घेतले पाहिजे.

मग रेल्वे आली. मुंबई सरकारचे अभियंता जॉर्ज क्लार्क 1843 मध्ये भांडुपला गेले असता मुंबई, ठाणे, कल्याण आणि पुढे थळ व बोरघाट जोडणाऱ्या लोहमार्गाची कल्पना त्यांना सुचली, असे रेल्वेच्या इतिहासात सांगितले जाते. ही नावांची साखळी पाहा. जुनी घाट ते बंदर ही वाटच त्यांनी उचलली होती, फक्त तिचे टोक कल्याण-ठाण्याच्या धक्क्यांवर न ठेवता थेट मुंबईच्या बोरीबंदरला नेले. 16 एप्रिल 1853 रोजी पहिली गाडी बोरीबंदरहून निघून ठाण्याला आली. चौदा डबे, सुमारे चारशे पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिने, अशा या प्रवासाचे कौतुक आपण शाळेपासून ऐकत आलो. 1 मे 1854 ला मार्ग खाडीवरच्या पुलावरून कल्याणला पोचला. 1863 मध्ये बोरघाट, 1865 मध्ये थळ घाट सर झाला. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे वऱ्हाड-खानदेशच्या कापसाला सोन्याचा भाव आलेली नेमकी ही वर्षे. त्याआधी बैलांच्या तांड्यांनी घाट उतरून पनवेल, भिवंडी, कल्याणला येणारा आणि तिथे होडीत चढणारा माल आता घाटमाथ्यावर डब्यात बसला की मुंबईच्या गोदीजवळच उतरू लागला. कोपरीच्या बाजूला या मार्गाने आणखी एक गोष्ट केली. चेंदणीचा कोळीवाडा रुळांनी दुभंगला, अर्धा पूर्वेला आणि अर्धा पश्चिमेला. ठाणेकर 16 एप्रिलचा अभिमान बाळगतात आणि तो रास्तच आहे. पण ठाण्याच्या बंदरपणाच्या दृष्टीने पाहिले तर त्याच दिवशी ठाणे हे मालाच्या वाटेवरचे टोक राहिले नाही, मधले स्टेशन झाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाला, वाफेची जहाजे आली, त्यांना खोल पाणी, बांधीव गोदी आणि वखारी लागत होत्या. मुंबईत 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला, 1875 मध्ये ससून डॉक, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक आणि 1914 मध्ये अलेक्झांड्रा डॉक खुला झाला. रेल्वे नसती तरी ही जहाजे कल्याणला कुठून येणार होती? कुठूनच नाही, हे मान्य. मोठ्या जहाजाचे बंदर म्हणून कल्याणचा दावा तेव्हाच निकाली निघाला होता. पण मोठ्या बंदराला आतल्या पाण्यातल्या छोट्या बंदरांची गरज संपते, हे मात्र त्यातून निघत नाही. राइनच्या मुखाशी रॉटरडॅम वाढले तेव्हा नदीकाठची गावे बुजली नाहीत. उलट बार्जचा धंदा इतका फोफावला की आजही तिथल्या कंटेनरांचा मोठा वाटा नदीतूनच आत जातो. तिथे पूल बांधताना खालून काय जाणार याचा विचार झाला, नदीचा मार्ग वर्षानुवर्षे राखला गेला. आपल्याकडे वसाहतीच्या सरकारला कच्चा माल घाटमाथ्यावरून गोदीपर्यंत आणि विलायती कापड गोदीतून घाटमाथ्यावर एवढेच हवे होते. मधल्या पाण्यात कुणी पैसा घातला नाही. पूल सखल बांधले गेले, भराव पडले, खाजणे बांधून काढली गेली, प्रवाह मंदावला, आणि मंद पाण्यात गाळ बसतोच. म्हणून मी गाळाला कारण म्हणण्याआधी परिणाम म्हणतो.

या म्हणण्याला अलीकडचाही पुरावा आहे, आणि तो तितकासा अभिमानाचा नाही. मुंब्र्याचे रेतीबंदर, काल्हेर, डोंबिवलीचे मोठागाव, कल्याण इथे गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि नंतरही रेतीचा धंदा जोरात होता. सुरुवातीला तो ‘डुबी’ पद्धतीने चाले. होडी नांगरून बांबू तळाशी रोवायचा, त्याला धरून मजुराने दम रोखून खाली जायचे, बादली रेतीने भरायची आणि वरच्यांनी ती ओढून घ्यायची. दिवसभर हेच. कान फुटलेले, त्वचा गेलेली माणसे त्या धंद्याने मागे ठेवली. मग सक्शन पंप आले, तिवरे आणि काठ खचू लागले, रेल्वे पुलांच्या पायांची काळजी सुरू झाली आणि न्यायालयांना बंदी आणावी लागली. ठाणे आणि मुंबईच्या किती इमारती या खाडीच्या रेतीवर उभ्या आहेत याची मोजदाद कुणी ठेवली नाही. माझा मुद्दा वेगळा आहे. जी खाडी ‘मेली’ असे आपण समजत होतो तिच्यातून रेतीने काठोकाठ भरलेल्या बार्ज याच काळात रोज ये-जा करत होत्या. मागणी होती तिथे पाणी चालले. मालाच्या इतर वाहतुकीसाठी कुणी मागणी उभी केली नाही, आणि पाण्यातून फक्त लूट तेवढी होत राहिली.

स्वतंत्र भारतात मुंबईच्या गोदीवरचा भार कमी करण्यासाठी न्हावा-शेवाची निवड झाली. तिथल्या जमिनींच्या संपादनाचा इतिहास विसरून चालणार नाही. 1984 च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-पनवेलच्या शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी लढा दिला आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले, 1999 च्या सुमारास तिथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल चालू लागले, आणि 2024-25 या वर्षात वीस फुटी कंटेनरच्या मापाने सत्तर लाखांहून अधिक कंटेनर तिथे हाताळले गेले. हे कंटेनर जातात कुठे? फार मोठ्या संख्येने भिवंडीला. ज्या भिवंडीत साडेतीन शतकांपूर्वी गलबते बांधली जात होती तिथे आज काल्हेर, पूर्णा, दापोडे, मानकोलीच्या पट्ट्यात देशातल्या सर्वांत मोठ्या गोदामवस्त्यांपैकी एक पसरली आहे. जहाजावरून उतरलेला चाळीस फुटी डबा ट्रेलरवर बसतो, कळंबोलीवरून शिळफाट्याला येतो, मुंब्रा बायपासच्या चढावर रांगेत अडकतो, खारेगाववरून खाडी ओलांडतो आणि मानकोलीला वळतो. शहरातली अवजड वाहनांवरची वेळेची बंदी पाळण्यासाठी चालक तासन्‌तास रस्त्याकडेला थांबतात. मुंब्रा, कळवा, दिवा, डोंबिवलीच्या रहिवाशांना ही बंदराची वाहतूक आहे असे वाटतही नाही. ती त्यांच्यासाठी निव्वळ कोंडी आणि धूळ असते. भिवंडी आजही बंदरगावच आहे, फक्त तिचे बंदर साठ-सत्तर किलोमीटरवर आणि वाट डांबरी आहे.

आणि आता वाढवण. 2014 च्या ऑगस्टमध्ये पालघर वेगळा होईपर्यंत हे गाव ठाणे जिल्ह्यातच होते. नव्वदच्या दशकात तिथे बंदर आणण्याचा प्रस्ताव डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने 1998 मध्ये फेटाळला होता. 2023 मध्ये त्याच प्राधिकरणाने अटींसह परवानगी दिली, जून 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 76,220 कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मान्यता दिली आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी पायाभरणी झाली. नेहरू बंदराचे 74 टक्के आणि महाराष्ट्र सागरी मंडळाचे 26 टक्के भागभांडवल आहे. समुद्रात भराव घालून चौदाशेहून अधिक हेक्टर जमीन तयार करायची, नऊ कंटेनर टर्मिनले बांधायची आणि अखेरीस वर्षाला दोन कोटी बत्तीस लाख कंटेनरांपर्यंत क्षमता न्यायची असा आराखडा आहे. जागेचे बळ म्हणजे किनाऱ्याजवळची अठरा ते वीस मीटरची नैसर्गिक खोली, जी आजच्या सर्वांत मोठ्या कंटेनर जहाजांनाही पुरते. त्यातच 2025 मध्ये बंदरे, व्यापारी जहाजे, समुद्रमार्गे मालवाहतूक आणि किनारी जहाजवाहतूक यांचे नवे कायदे झाले. इंग्रजी अमलातला 1908 चा बंदर कायदा त्यात इतिहासजमा झाला. सप्टेंबरात जहाजबांधणीसाठी 69,725 कोटींचे पॅकेज जाहीर झाले. मच्छीमारांचा विरोध मात्र कायम आहे, आणि न्हावा-शेवाचा अनुभव जमेला धरला तर तो बाजूला सारण्याजोगा नाही. तिथे निदान सातबारा होता. वाढवणच्या मासेमाराचा समुद्र कुठल्याच सातबाऱ्यावर नाही, म्हणून त्याची भरपाई मोजणे अधिक अवघड आणि अधिक निकडीचे आहे.

वाढवण उत्तरेला झाले म्हणजे आपल्या खाडीचा संबंध संपला, असे समजणे ही जुन्या चुकीची पुनरावृत्ती ठरेल. उलट नकाशा दोनशे वर्षांत पहिल्यांदा वसईच्या दाराच्या बाजूने झुकतो आहे. भिवंडीहून न्हावा-शेवाला पाण्याने जायचे तर ठाणे खाडीच्या अरुंद फाट्यातून, पुलांखालून आणि चिखलातून जावे लागते. भिवंडीहून वाढवणला जायचे तर काल्हेर, कोलशेत, घोडबंदर, वसई आणि मग किनाऱ्याने उत्तर, असा रुंद पाण्याचा रस्ता आहे. 2016 च्या कायद्याने देशातल्या 111 जलमार्गांना राष्ट्रीय दर्जा मिळाला त्यात 53 क्रमांकाचा जलमार्ग हाच, कल्याण-ठाणे-मुंबई, 145 किलोमीटरचा. कोलशेत, काल्हेर, डोंबिवली आणि मीरा-भाईंदरच्या जेट्ट्या सागरमाला कार्यक्रमात मंजूर झाल्या. 2024 च्या फेब्रुवारीत वसई आणि भाईंदरमध्ये रो-रो बोट सुरू झाली आणि रस्त्याने जिथे जवळपास अडतीस किलोमीटरचा वळसा पडतो ते अंतर पाण्यातून साडेतीन किलोमीटरवर आले. पण या सगळ्या आखणीत प्रवासीच मध्यभागी आहे. माल नाही. ठाण्यातून लोकलने जाणाऱ्याला बोट स्वस्त आणि वेगवान पर्याय देऊ शकेल याविषयी मला शंका आहे. रस्त्यावरचा ट्रेलर मात्र पाण्यावर नेता येण्याजोगा आहे.

त्यावर व्यापारी म्हणतील, दुहेरी चढ-उतार कोण सोसणार? जहाजातून बार्जमध्ये, बार्जमधून ट्रकवर, प्रत्येक वेळी क्रेन, वेळ आणि पैसा. शंभर-सव्वाशे किलोमीटरसाठी ट्रेलरच परवडतो. शिवाय वैतरणा ते नेहरू बंदर हा पश्चिम समर्पित मालवाहू रेल्वेचा शेवटचा टप्पा भिवंडी-डोंबिवलीजवळूनच जातो, तो पुरेसा नाही का? हा हिशेब आजच्या दराने बरोबर आहे. पण त्यात मुंब्रा बायपासची दरवर्षीची डागडुजी, कोंडीत जळणारे डिझेल, अपघात आणि लाखो रहिवाशांच्या फुप्फुसांचा खर्च कुणाच्याच वहीत लिहिलेला नसतो. तो धरला तर फरक पुष्कळ कमी होतो. मालगाडी दिल्लीकडच्या लांब पल्ल्याला उत्तम, भिवंडीच्या गोदामाच्या दारात ती जात नाही. काल्हेरची गोदामे मात्र पाण्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत. पावसाळ्याचे तीन महिने किनारी बार्ज बंद ठेवाव्या लागतील आणि नदी-समुद्र अशा दोन्ही पाण्यांत चालणारी जहाजे लागतील, हेही खरे. घाटातली बैलवाट पावसात बंद असे तेव्हाही व्यापार आठ-नऊ महिन्यांच्या हंगामावर बेतला जात होता. जड, न नासणारा माल, म्हणजे सिमेंट, पोलाद, खडी, रिकामे कंटेनर यांपासून आरंभ करता येईल.

अधिक गंभीर आक्षेप पर्यावरणाचा आहे, आणि तिथे मी जलमार्गाच्या बाजूने बोलणार नाही. कोपरी, ऐरोली, भांडुपच्या बाजूची ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि 2022 मध्ये सुमारे 65 चौरस किलोमीटरचा हा पट्टा पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेला. जिथे मचव्यांनी चिखल चिरला तिथे हजारो रोहित पक्षी चरतात. या भागात ड्रेजर उतरवून मालवाहू मार्ग कोरण्याचा विचारही करू नये, आणि त्याची गरजही नाही, कारण उत्तरेची वाट मोकळी आहे. कोपरीचे मीठबंदर मालाचे बंदर म्हणून परत येणार नाही. चेंदणीच्या कोळ्यांना होड्या लावायला नीट धक्का, उतरायला पायऱ्या आणि नाल्यांतून खाडीत येणारे सांडपाणी बंद, एवढे जरी झाले तरी इथल्या पाण्याचा खरा मालक सुखी होईल. माल वसईच्या वाटेने जावा. त्यासाठी तातडीने करण्याची गोष्ट अगदी साधी आहे. उल्हास आणि वसई खाडीवर सध्या रस्त्यांचे, मेट्रोचे आणि रेल्वेचे नवे पूल होत आहेत, आखले जात आहेत. त्या प्रत्येकाच्या मंजुरीत भरतीच्या पातळीपासून किती उंची मोकळी ठेवायची आणि दोन खांबांत किती अंतर हवे हे भरलेल्या बार्जच्या मापाने आजच ठरले पाहिजे. जेटी दहा वर्षांनीही बांधता येते. एकदा सखल बांधलेला पूल शंभर वर्षे हलत नाही, आणि 1854 च्या पुलानंतर या खाडीने तेच भोगले आहे.